एक वास्वा म्हणजे किती मिनिटं?

शाळेचं वेळापत्रक करणाऱ्या माणसाला शाळेत मित्र नसतात. शुक्रवारचा शेवटचा तास ज्याच्या वाट्याला येतो तो आपल्याशी बोलत नाही, आणि ज्याच्या वाट्याला येत नाही त्याला वाटतं, ती त्याच्या स्वतःच्या लायकीची पावती आहे. सेंट ऑडेलिया मुलींच्या शाळेत मी, गोंझागा बुकेन्या, गेली अकरा वर्षं डायरेक्टर ऑफ स्टडीज आहे. नाव भारदस्त आहे, पण म्हणतात सगळे नुसतं 'डॉस'. पाठीमागे काय म्हणतात ते कॅथलिक शाळेच्या आवारात लिहिण्यासारखं नाही. काम एकच: सत्तावीस शिक्षक, सोळा वर्ग आणि आठवड्याचे पाच दिवस यांची अशी मोट बांधायची, की रडणाऱ्यांची संख्या आटोक्यात राहावी.

पूर्वी मी हे रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडून करायचो. एकदा कुणीतरी पंखा लावला आणि अख्खा इतिहास खिडकीतून गेला. तेव्हापासून मी 'कंपाना' वापरतो. कंपाना हा वेळापत्रक करून देणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम आहे. कुठल्याशा भाषेत कंपाना म्हणजे घंटा. तो फुकट आहे. जगात इकडेतिकडे पसरलेले वीसपंचवीस लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून, कुणी एक शिलिंग देत नसताना, तो लिहितात, दुरुस्त करतात आणि आतून कसा लिहिलाय ते उघडं ठेवतात. कुणीही उठावं, आत डोकवावं, सुधारणा पाठवावी.

हे मी आमच्या शेजारी किवुआंना एकदा समजावून सांगितलं. किवुआ तीस वर्षं तालुक्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. आता निवृत्त आहेत, पण ते फक्त पगारापुरतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पावती देतात का?"

"कशाची?"

"फुकट दिल्याची."

"नाही."

"मग मास्तर, तुम्ही अडकणार," ते म्हणाले, आणि गेल्या वर्षभरात जे जे झालं ते पाहता मी त्यांचं थोडं ऐकायला हवं होतं.

सुरुवात वास्वापासून झाली. वास्वा आमचा फिजिक्सचा मास्तर. सकाळी आमच्याकडे, मग अकरा किलोमीटरवर दुसऱ्या शाळेत, मग तिथून आठ किलोमीटरवर तिसऱ्या शाळेत, असा तो भाड्याच्या मोटारसायकलवर, म्हणजे बोडावर बसून हिंडतो. आमच्या भागात फिजिक्सचे मास्तर कमी आणि बोडा पुष्कळ, त्यामुळे हे चालतं. टर्म संपायला तीन आठवडे होते तेव्हा तो हेल्मेटसकट माझ्या खोलीत आला.

"डॉस, तुमचा तास दहाला संपतो. तिकडचा तास दहाला सुरू होतो. मधले अकरा किलोमीटर मी कसे जाऊ?"

"बोडावर."

"बोडावर जातोच हो! पण किती वाजता जाऊ?"

हा प्रश्न रास्त होता. वास्वा दुसऱ्या शाळेत किती ते किती असतो हे कंपानाला सांगता येत होतं. पण माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी जायला वेळ लागतो ही गोष्ट त्याच्या गावीच नव्हती. मी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा तास कायमचा राखून ठेवून पाहिला. तेव्हा कंपाना म्हणालं, वास्वाला तुमच्या शाळेत फक्त बुधवारच्या प्रार्थनेच्या वेळी शिकवता येईल.

"पुढच्या टर्मला हे असंच राहिलं तर मी एक शाळा सोडणार," वास्वा म्हणाला. "आणि सोडायची तर तुमचीच सोडीन. तिन्हींत तुमचं जेवण सगळ्यात वाईट आहे."

ही धमकी मी आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर पर्पेटुआंच्या कानावर घातली. सिस्टर उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण मला हे त्यांच्यासमोर उभं असताना कधी जाणवलेलं नाही. त्यांनी चष्मा पुसला. "डॉस, बासष्ट मुली बोर्डाच्या परीक्षेला बसणार आहेत. फिजिक्सला मास्तर नसला, तर त्यांच्याबरोबर त्रेसष्टावे तुम्ही बसाल."

म्हणून मी कंपानावाल्यांना पत्र लिहिलं. सरकारी शाळेतल्या माणसाला शोभेल असंच लिहिलं: मास्तरांच्या प्रवासाची सोय नाही, तरी कृपया ती त्वरित करण्यात यावी. दोन दिवसांनी एस्टोनियाहून मार्गिट नावाच्या बाईंचं उत्तर आलं. सगळ्या सुधारणा तपासून आत घ्यायच्या की नाही हे त्याच ठरवतात. उत्तर पुढीलप्रमाणे: 'कल्पना चांगली आहे. कुणाला वेळ नाही. अडचण तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच लिहा.'

मी हे तीनदा वाचलं. हॉटेलात जेवायला जावं आणि मालकिणीने म्हणावं की चूल तिकडे आहे, कांदे खाली आहेत, तसं झालं. मी शाळेत गणित शिकवतो. कॉम्प्युटरही शिकवतो, पण ते अशासाठी, की पंधरा वर्षांपूर्वी शाळेत कॉम्प्युटरची खोकी आली तेव्हा ती माझ्या खुर्चीशेजारी ठेवली गेली. पुस्तकाचे पाच धडे मला येतात. सहाव्या धड्यापर्यंत एकही वर्ग पोचलेला नाही, त्यामुळे सहाव्याची कधी गरज पडली नव्हती.

घरी सांगितलं तर नासुना, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, मशीनवर कुणाचातरी ब्लाउज शिवत होत्या. दातात टाचणी होती. तशाच त्या म्हणाल्या, "पैसे?"

"नाहीत."

"चहापाणी?"

"नाही."

"चर्चचं काम आहे?"

"नाही गं."

तिने टाचणी काढली. "अहो, मग हे आहे तरी काय? पाप की पुण्य, एवढं तरी विचारून घ्या."

तीन रविवार मी चर्चमधल्या मासच्या प्रार्थनेनंतर शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसलो. पहिल्या रविवारी सहावा धडा वाचला. दुसऱ्या रविवारी कंपाना आतून उघडून पाहिलं आणि बंद केलं. तिसऱ्या रविवारी बारा ओळी लिहिल्या. अर्थ असा, की प्रत्येक मास्तरापुढे एक चौकट राहील, त्या चौकटीत त्याला पोचायला किती मिनिटं लागतात ते लिहायचं, आणि दोन शाळांच्या मध्ये कंपाना तेवढा वेळ मोकळा सोडील. आतमध्ये या वेळेला काहीतरी नाव द्यावं लागतं. मी तेव्हा चिडलेला होतो, म्हणून नाव दिलं 'वास्वा'.

बारा ओळी पाठवल्या. मार्गिटबाईंनी त्यांवर एक्केचाळीस शेरे मारले.

बावीस वर्षं मी लाल शाई वापरतोय. मुलींच्या वह्यांवर 'घाई', 'पुन्हा करा', 'हे काय?' असं लिहिताना मी कधी दोनदा विचार केला नाही. आता तेच तीन शेरे त्याच क्रमाने माझ्या नावापुढे आले, आणि तेही जगजाहीर, कुणीही उघडून वाचावेत असे. पहिल्या ओळीत मोकळी जागा जास्त. दुसऱ्या ओळीत कमी. पाचवी ओळ कशासाठी आहे? (मलाही माहीत नव्हतं.) नववीवर लिहिलं होतं: 'वास्वा म्हणजे काय? वेळेचं माप आहे का?'

मी लिहिलं: 'वास्वा हा माणूस आहे.'

'माणूस मिनिटांत कसा मोजता?'

मग मला सगळी हकिगत लिहावी लागली. तीन शाळा, बोडा, अकरा किलोमीटर, जेवणाबद्दलचं मत. माझी अपेक्षा होती की बाई नाव बदला म्हणतील. त्या म्हणाल्या, 'राहू दे. छोटा शब्द आहे.' मग चाळिसावा शेरा: 'चौकट रिकामी ठेवली तर काय होईल?'

मी लिहिलं: 'रिकामी कोण ठेवील? समोर चौकट आली की माणूस भरतोच.'

'मला शंका आहे.'

'मॅडम, मी शिक्षक आहे,' असं मी लिहिलं. हे वाक्य मला अजूनही जेवताना आठवतं. बाई गप्प बसल्या. त्यांचीही चूकच म्हणायची; पण बावीस वर्षांच्या अनुभवापुढे एस्टोनियातला माणूससुद्धा किती बोलणार?

एक्केचाळिसावा शेरा ओळींवर नव्हता. एक कागद हवा होता. पूर्वी कुणाच्यातरी कंपनीने मागाहून 'आमच्या नोकराने लिहिलंय, म्हणजे आमचं आहे' असा दावा केला होता. तेव्हापासून नियम आहे, की नोकरी करणाऱ्याने आपल्या मालकाकडून लिहून आणावं: या कामावर आमचा काही हक्क नाही.

हे किवुआंना कळलं मात्र, त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. "कागद! शेवटी कागदावरच आले ना! मी येतो तुमच्याबरोबर." त्यांनी त्याच दिवशी कोट झटकून उन्हात टाकला.

पहिल्यांदा गेलो सिस्टरांकडे. सिस्टर म्हणाल्या, "मी तुमची मालक नाही. मी तुम्हाला फक्त सहन करते. पगार सरकार देतं, सरकारकडे जा."

सरकार म्हणजे जिल्ह्याची शिक्षण कचेरी. तिथल्या टेबलामागे एक तरुण कारकून होता. किवुआंनी आधी त्याच्या वडिलांची चौकशी केली, मग आजोबांची. आजोबांपर्यंत गेल्यावर ओळख निघाली, आणि आम्हाला खुर्च्या मिळाल्या.

"काय द्यायचंय सरकारला?" कारकुनाने विचारलं.

"सरकारला नाही. एस्टोनियाला."

"म्हणजे निर्यात."

"निर्यात नाही हो. फुकट देतोय."

"देणगीचा फॉर्म आहे. पण तो सरकारला देणगी देण्याचा. सरकारने देण्याचा वेगळा."

"सरकार काही देत नाही," मी म्हणालो. "सरकारने फक्त म्हणायचंय की आम्हाला हे नको."

कारकून मागे टेकला. त्याने कपाटाकडे पाहिलं, फाइलींकडे पाहिलं. "सेबो, साहेब," तो अगदी आदबीने म्हणाला, "सरकारला एखादी गोष्ट नकोय असा फॉर्म नाही. आजपर्यंत तशी वेळच आली नाही."

किवुआंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला गप्प केलं आणि सूत्रं हातात घेतली. पुढचा दीड तास मी त्या दोघांना नुसता पाहत होतो. जुना गवई नव्या गवयाला चीज सांगतो तशी ती बैठक होती. 'संदर्भ' कुठे घालायचा, 'उपरोक्त' आधी की 'सदर' आधी, यावर दोनदा चर्चा अडली. तीन वेळा जाऊन, दोन साहेबांच्या सह्या घेऊन, चौथ्या खेपेला पत्र हातात आलं. गोल शिक्का होता, चौकोनी शिक्का होता, आणि मजकूर असा: 'श्री. बुकेन्या यांनी तयार केलेल्या एक (१) नग वेळापत्रकावर शासनाचा कोणताही हक्क नाही. सदर नग देशाबाहेर पाठवण्यास हरकत नाही. नग जड असल्यास वाहतुकीचा खर्च अर्जदाराने सोसावा.'

मी डोक्याला हात लावला. किवुआंनी मात्र पत्र उजेडात धरलं आणि म्हणाले, "वा! दोन शिक्के! मास्तर, मला नोकरीत लागल्यापासून एकाच कागदावर हे दोन मिळालेले आठवत नाहीत."

मार्गिटबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं: 'शिक्के सुंदर आहेत. पुरे.' आणि खाली: 'तुमचं काम आत घेतलं.'

खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. त्या दिवशी नासुनाने मटोके, म्हणजे हिरवी केळी, उकडली, वर शेंगदाण्याची आमटी, आणि किवुआ पत्राची झेरॉक्स घेऊन जेवायला आले. शिक्षकांच्या खोलीत मी ही गोष्ट सहज, विषय निघाला म्हणून, चौदा वेळा सांगितली. साहित्य शिकवणाऱ्या नाबुकीराबाई म्हणाल्या, "डॉस, म्हणजे आता तुमच्यामुळे सगळं जग वेळेवर चालणार?" टोमणा होता, पण मी मान हलवून तो मान्य केला.

टर्म सुरू व्हायच्या आठवड्यात कंपानाची नवी आवृत्ती आली, आणि बरोबरच्या यादीत माझं नाव होतं. मी ती लगेच घेतली. वास्वाच्या चौकटीत पस्तीस मिनिटं लिहिली. बटण दाबलं. कंपाना जरा जास्तच वेळ घुमलं; मला वाटलं, काम जबाबदारीचं आहे. मग वास्वाचं पान उघडून पाहिलं. काय सांगू! आमच्याकडचा तास नऊ पंचवीसला संपत होता, दुसऱ्या शाळेतला दहाला सुरू होत होता, मध्ये बरोबर पस्तीस मिनिटं मोकळी. आठवडाभर एकही टक्कर नाही. ते पान मी सिस्टरांना नेऊन दाखवलं. बाकीची पानं छापायला ऑफिसात दिली. बाकीची मी पाहिली का? नाही पाहिली. मुलाच्या लग्नात आपण मांडवातल्या इतर माणसांचे बूट मोजत नाही.

सोमवारी सकाळी आमचा चौकीदार ओकेल्लो नवं पत्रक हातात घेऊन आंब्याखाली उभा राहिला. तिथे ट्रकच्या चाकाची लोखंडी रिंग टांगलेली आहे, तीच आमची घंटा. ओकेल्लो पूर्वी फौजेत होता. त्याला कागदावर जे लिहिलंय ते वाजवायचं एवढंच ठाऊक. सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी त्याने लांब टोल दिला, जेवणाचा.

सहाशे मुली बाहेर आल्या. मुलींना कारण विचारायची सवय नसते, जेवण म्हटलं की त्या येतात. ताटल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. आचारी हातात डाव घेऊन धावत आला. पोशोचं, म्हणजे मक्याचं, पीठ अजून पोत्यात होतं, घेवडा भिजत होता, आणि चूल पेटलेलीसुद्धा नव्हती. "कुणी सांगितलं?" तो ओरडला. ओकेल्लोने कागद दाखवला. कागदाखाली माझी सही होती.

झालं होतं असं, की चौकट मी फक्त वास्वाची भरली होती. उरलेल्या सव्वीस मास्तरांच्या चौकटी रिकाम्या ठेवणारा जो कोणी महाभाग मार्गिटबाईंना अपेक्षित होता, तो मीच निघालो. आणि रिकामी चौकट दिसल्यावर माझ्या बारा ओळींनी असा विचार केला, की या गृहस्थाची पुढची शाळा कुठे आहे ते माहीत नाही, तेव्हा सांभाळून घेऊ, याला चाळीस मिनिटं देऊ. प्रत्येक तासानंतर. प्रत्येकाला. एवढा वेळ आणायचा कुठून? दुपारच्या सुट्टीचा कंपानाच्या लेखी नियम नव्हता, नुसती विनंती होती. ती त्याने सकाळी सव्वाआठच्या पुढे, कुणाच्या आड येणार नाही अशी सरकवली.

मी शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं. एरवी तासाला असायला हवेत असे अकरा जण पाय पसरून बसले होते.

"नाबुकीराबाई, तुमचा वर्ग?"

"आत्ताच सुटला. आता मी प्रवासात आहे." त्यांनी कागद वर धरला. तिथे खरंच 'प्रवास' छापलेलं होतं. "एका वर्गातून शेजारच्या वर्गात निघाल्येय. चाळीस मिनिटांची वाट आहे. येताना कुणाला काही आणायचंय का?"

सगळे खदखदून हसले. भूगोलाचे मास्तर म्हणाले, "बाई, जपून जा. व्हरांड्यात रस्ता खराब आहे." दुसऱ्याने विचारलं, भत्ता मिळणार का. अकरा वर्षांत शिक्षकांच्या खोलीत एवढा एकोपा मी पाहिला नव्हता, आणि तो मीच घडवला होता.

सिस्टर दारात आल्या. सगळे उठले. सिस्टरांनी एकेकाकडे पाहिलं. "डॉस, हे सगळे कुठे चाललेत?"

मी म्हणालो, "सिस्टर, कुठेच नाही."

"ते मला दिसतंय," सिस्टर म्हणाल्या. "कधी पोचतील?"

एवढ्या धुमाकुळात एकच तास व्हायचा तसा झाला: फिजिक्स. वास्वा वेळेवर आला, बासष्ट मुलींना भिंगातून प्रकाश वाकवून दाखवला, नऊ पंचवीसला खडू ठेवला, बोडावर बसला आणि फाटकातून जाताना माझ्याकडे पाहून त्याने हात हलवला. मागे मुली रिकाम्या ताटल्या घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी दिवसभर एवढं एकच दृश्य मी मनात धरून ठेवलं.

जुनं पत्रक ऑफिसातल्या फळीवरून काढून ओकेल्लोच्या हाती देईपर्यंत साडेदहा झाले. मग कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो, तर तिथे आणखी वाढून ठेवलेलं होतं. कंपाना वापरणारी शाळा काही आमची एकटीच नव्हती. अडतीस तक्रारी होत्या. कुठल्याशा संगीतशाळेतल्या बाईंना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्यासाठी दिवसातून सहा वेळा प्रवास लागला होता. एका ठिकाणी आठ वर्षांच्या पोरांना सकाळी सव्वासातला सूप मिळालं होतं. एका हेडमास्तरांनी लिहिलं होतं: 'आमच्या भाषेतल्या पत्रकात प्रवासाच्या जागी सगळीकडे वास्वा लिहून येतं. हा वास्वा कोण आहे, आणि त्याला आमच्या शाळेतून कसं काढायचं?'

हे पत्र नेमकं वास्वाने वाचलं. दुपारी तिसऱ्या शाळेतून परतताना काहीतरी सही करायला तो माझ्या मागे येऊन उभा राहिला होता.

"डॉस, मला काढतायत?"

"तुला नाही रे."

"नाव माझंच आहे." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "मी तिथे लागलो कधी? लागलो नाही आणि काढतायत! कुठली शाळा आहे ही?"

"फिनलंडमधली."

"एवढ्या लांब माझी बदनामी केलीत," तो म्हणाला, आणि हेल्मेट घालून काच खाली ओढली. काच खाली ओढलेल्या माणसाची समजूत घालता येत नाही.

संध्याकाळी किवुआ अंगणात आले. ते सरकारी पत्र बरोबर होतं. "मास्तर, मी नीट वाचलंय. वाहतुकीचा खर्च तुमचा. नुकसानीबद्दल एक अक्षर नाही. काही कबूल करू नका. त्यांना लिहा, विषय विचाराधीन आहे."

"पण चूक माझी आहे."

"चूक असणं वेगळं आणि लिहून देणं वेगळं!" ते कळवळून म्हणाले.

मी लिहून दिलं. कॉम्प्युटर शाळेतून घरी आणला होता. नासुनाचं मशीन बाजूला सारून त्याच टेबलावर बसलो. आधी एक ओळ लिहिली: चौकट रिकामी असेल तर शून्य धरावं. चार मिनिटं लागली. मग माफीचं पत्र लिहिलं, त्याला दोन तास लागले. त्यात मी चाळिसाव्या शेऱ्याचा उल्लेख केला, 'मी शिक्षक आहे' हे वाक्य मागे घेतलं, आणि शेवटी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. नासुनाने विचारलं, "कशाचा राजीनामा? त्यांनी तुम्हाला ठेवलंय कुठे?" पण पत्रात तो परिच्छेद फार छान उतरला होता, म्हणून राहू दिला.

मार्गिटबाईंचं उत्तर सकाळी आलं, आणि पहिल्यांदाच ते चार ओळींपेक्षा लांब होतं. 'दुरुस्ती आत घेतली. बारा वर्षांपूर्वी माझ्या एका ओळीमुळे जगातल्या सगळ्या वेळापत्रकांतून गुरुवार गेले होते. सगळे गुरुवार. माझ्या स्वतःच्या मुलीच्या शाळेत बुधवारनंतर शुक्रवार आला, आणि तिने आठवडाभर मला अभिमानाने मिठ्या मारल्या. इथे ज्याने काही उडवलेलं नाही असा एकही माणूस नाही. शंका आली असताना मी गप्प बसले, तेव्हा अर्धं जेवण मी उडवलंय. आजपासून प्रवासाचा भाग तुमचा. त्याबद्दलच्या तक्रारी आता तुमच्याकडेच येतील.'

राजीनाम्याबद्दल अक्षरही नव्हतं. तो कुठे स्वीकारतात ते मी दोन दिवस शोधलं, मिळालं नाही. शाळेत मंगळवारी नवं पत्रक लागलं. जेवण एक वाजता होतं. नाबुकीराबाईंना शुक्रवारचा शेवटचा तास आला, आणि त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं, तेव्हा सगळं रुळावर आल्याची माझी खात्री पटली. वास्वा चार दिवस रागावला होता. मग फिनलंडच्या त्याच हेडमास्तरांनी लिहिलं, की दोन शाळांत शिकवणारी त्यांची एक बाई आता वेळेवर पोचते, आणि तिकडे लोक 'तुला किती वास्वा लागतात' असं विचारू लागलेत. ते पान मी छापून त्याला दिलं. त्याने ते घडी घालून हेल्मेटच्या आत ठेवलं. आभार मानले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आमच्याकडचं जेवला.

मी ठरवलं होतं, की आता या भानगडीला हात लावायचा नाही. एखादी तक्रार आलीच, तर उत्तरही मनात तयार होतं: कल्पना चांगली आहे, कुणाला वेळ नाही, तुम्हीच लिहा. तसं एक पत्र टर्मच्या पाचव्या आठवड्यात, शनिवारी सकाळी आलं. चिलीमधल्या कुठल्याशा बेटावरच्या शाळेतून. त्यात अभिवादन वगैरे काही नव्हतं. 'ज्या गाढवाने हा प्रवासाचा भाग लिहिला त्याने आयुष्यात कधी होडी पाहिली आहे का? आमच्या केमिस्ट्रीच्या बाई होडीने येतात. जायला पंचवीस मिनिटं लागतात, यायला वाऱ्यामुळे सव्वा तास. तुमच्या चौकटीत एकच आकडा मावतो. मी कुठला लिहू?'

माझे कान तापले. मी उत्तर लिहिलं. खोडलं. जास्त कडक लिहिलं. नासुना दारात बसून शेंगा फोडत होती.

"काय झालं हो?"

"गाढव म्हणतात मला."

"कोण?"

"चिलीतून कुणीतरी."

"एवढ्या लांबून म्हणतायत, म्हणजे विचार करूनच म्हणत असतील." तिने मूठभर शेंगा सुपात टाकल्या. "म्हणणं काय आहे त्यांचं?"

मी वाचून दाखवलं. ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही.

"मग त्या बाईंचा सकाळचा पहिला तास रोजच बुडत असेल," ती म्हणाली. "वारा असला की पोरी नुसत्या बसून राहत असतील."

मी पडद्याकडे पाहिलं. एक चौकट. तिथे दोन हव्यात. जायची वेगळी, यायची वेगळी. साधी गोष्ट होती. फार तर पंधरा ओळी. सातवा धडा मात्र वाचावा लागणार होता.

लिहिलेलं सगळं खोडलं आणि नव्याने लिहिलं:

'आदरणीय सर, गाढव हजर आहे. सकाळची होडी किती वाजता सुटते?'